कानबाईच्या गव्हात त्यांची मूठ कोण धरणार?



पोस्ट लांब आहे. रोजचे डबे पोचवून, भांडी आवरून, दोन रात्री बसून लिहिली आहे. रागात लिहिली आहे हे आधीच सांगते. पटली नाही तर खाली भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

श्रावण जवळ आला की आपल्या ग्रुपांवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. पहिला कानबाई मायच्या स्वागताचा. कोणाकडे किती रोट, कोणाच्या घरी यंदा नवी स्थापना, बँड कोणता, सोमवारी तापीवर किती वाजता निघायचं. दुसरा मेसेज असा: "मिरवणुकीच्या रस्त्यात पुलाखाली लोक पडलेले असतात, घाण करतात, महापालिकेला सांगून आधी उचलायला लावा." यंदा एका ग्रुपवर ह्या मेसेजला भराभर अंगठे पडले. एका भाऊंनी तर लिहिलं, "ह्या लोकांना ना घर ना देव." त्याच्याखाली हात जोडलेले इमोजी! त्या मंडळाचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे एका मंडळाचं बोलणं नाही. थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच ऐकते.

घर नाही, हे खरं. देव नाही, हे साफ खोटं. आणि हे खोटं आपल्याला सोयीचं आहे म्हणून आपण ते बोलतो. समोरच्याला देवच नाही असं ठरवलं की त्याला आपल्या देवाच्या वाटेतून उचलायला जीव कचरत नाही.

आधी "हे लोक" कोण ते बघू.

आपण सुरतला आलो कसे? ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं. भुसावळ, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत उधन्याला उतरलो. मी १९८६ मध्ये लग्न होऊन आले. आमचे हे त्याच्या तीन वर्षं आधी आले होते आणि ती तीन वर्षं लूमच्या खात्यातच झोपत होते. दिवसपाळीवाला उठला की त्याच गोधडीवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. उन्हाळ्यात खात्याच्या धाब्यावर, पावसाळ्यात ताक्यांच्या शेजारी. लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा इथं आज आपली दोन-दोन मजली घरं आहेत, पण आपल्यातल्या पहिल्या फळीच्या कितीतरी माणसांचा सुरतमधला पहिला पत्ता कुठला होता, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. कोणी खात्यात, कोणी मार्केटच्या ओट्यावर, कोणी स्टेशनात.

आज पुलाखाली जे आहेत, त्यांतले पुष्कळ त्याच गाडीनं आलेले आहेत. रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सलं वाहून ज्याचं कंबरडं गेलं तो. डाइंग मिलमध्ये हात भाजला आणि ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी ओळखच दाखवली नाही तो. खोलीचं भाडं तीन महिने थकलं आणि सामान बाहेर निघालं ती. दारू पिणारेही आहेत, नाकारत नाही. पण दारू पिणारे आपल्या दोन मजली घरांतही आहेत. फरक इतकाच की त्यांच्यावर दार लोटून घेता येतं. धुळे-नंदुरबारचे आपले आदिवासी भाऊ तर ऊसतोडीला ह्याच जिल्ह्यात येतात, बारडोलीकडे, आणि पाच-सहा महिने शेताच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली लेकराबाळांसकट राहतात. त्यांना आपण बेघर म्हणत नाही, "कोयते" म्हणतो. माणसाला हत्याराच्या नावानं हाक मारली की त्याला घर लागतं हे विसरायला सोपं जातं.

आता कानबाईचं बोलू.

नागपंचमीनंतरच्या रविवारी माय बसते. रोटाचे गहू कसे घेतात ते बायकांना सांगायला नको, पण पुरुष मंडळींना आठवण करून देते. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू. कालच जन्मलेला असला तरी त्याची मूठ. परगावी असला तरी त्याची मूठ. आणि ते रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. म्हणजे कानबाईच्या दळणात एक प्रकारची शिरगणतीच होते. माय विचारते, तुम्ही किती जण आहात?

उधन्याकडे पुलाखाली एक जण होता. डबे द्यायला जायचा माझा रस्ता तोच. दाढी वाढलेली, एक पाय ओढत चालायचा. मी बरेच दिवस हिंदीत बोलायचे, तो मान हलवायचा. एकदा श्रावणी सोमवारी मी भाकरी पुढे केली तर म्हणाला, आज उपास शे. मी थांबलेच. म्हटलं, तुमनं गाव कोनतं शे भाऊ? चोपड्याकडचा निघाला. मार्केटात हमाली करायचा, पायावर गठ्ठा पडला, काम गेलं, गावी रिकाम्या हातानं जायची लाज वाटली, आणि लाजेत दहा-अकरा वर्षं गेली. मग त्यानं मला विचारलं, यंदा कानबाई कोणत्या तारखेला. मी सांगितली. त्यावर तो जे म्हणाला ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते:

"ताई, घर मनी मूठ धरतस का नही, कोणले माहीत."

घरी माझी मूठ धरतात की नाही, कोणाला माहीत. त्यानं भाकरी मागितली नाही, पैसे मागितले नाहीत, पायावर उपचार मागितला नाही. त्याला एवढंच हवं होतं की देवीपुढच्या मोजणीत आपण अजून आहोत का. श्रद्धा म्हणजे आणखी काय असतं, भाऊ? आणि ज्यांनी "ना घर ना देव" लिहिलं, त्यांच्यापैकी किती जणांना कानबाईची तारीख बायकोनं सांगितल्याशिवाय कळते?

आमच्याच गल्लीत ह्याची दुसरी बाजू आहे. एका बाईचा नवरा कामावर जातो म्हणून गेला तो परत आलाच नाही. सात वर्षं झाली. सासरचे म्हणतात, आता त्याची मूठ बंद कर. ती म्हणते, प्रेत बघितलं नाही तोवर मूठ बंद करणार नाही. म्हणजे इकडे एक बाई बेपत्ता माणसाचे गहू पाखडते आहे आणि तिकडे पुलाखाली एक माणूस विचार करतो आहे की माझे गहू कोणी पाखडत असेल का. आणि ह्या दोघांच्या मधून आपली बँडवाली मिरवणूक जाते, आणि तिला रस्ता मोकळा हवा आहे.

पण "घाणेरडे, देव नसलेले" म्हणणाऱ्यांशीच माझं भांडण नाही. आणखी दोघांशी आहे.

एक आपली शिकलेली पोरं. इंजिनियर झाली, वेसूला फ्लॅट घेतला. ती म्हणतात, खायला नाही आणि उपास कसले करतात, नारळ कसले फोडतात, ह्या अंधश्रद्धेनंच गरिबी आली. बाळांनो, गरिबी ठेकेदारानं बुडवलेल्या पैशातून आली, दवाखान्याच्या बिलातून आली, गावाकडच्या कोरडवाहू दोन बिघ्यांतून आली. नारळात कोणाची खोली गेलेली नाही. भगत-बाबा लोक अशा माणसांना लुटतात, ताईत विकतात, हे मला मान्य आहे आणि त्या लुटारूंना हाकललंच पाहिजे. पण ज्या माणसाकडे घड्याळ नाही, पगाराची तारीख नाही, रविवार नाही, त्याला सोमवारच्या उपासामुळेच आठवड्याला आकार येतो. चैत्रात वणीला पायी जायचं म्हणून महिनाभर बाटलीला हात न लावणारा माणूस मी बघितला आहे. त्याला तेवढं दुसऱ्या कोणी दिलं होतं का?

दुसरे आपले भाविक. ते डोळे मिटून म्हणतात, "काय ती गरिबाची श्रद्धा! काही नाही तरी देवाचे आभार मानतो. खरा देव त्यांनाच भेटतो." ऐकायला गोड आहे. पण हे बोलून झालं की एसी लावून झोपायला मोकळे. मी सांगते, त्या लोकांची देवाशी भांडणंही ऐकली आहेत. एक बाई मंदिराबाहेर चपला सांभाळते, रात्री तिथंच ओट्याच्या कडेला झोपते. गळ्यात साईबाबांचं लॉकेट. पावसात ओट्यावरून उठवलं की त्याच लॉकेटला हातात धरून अशा शिव्या देते की इथं लिहिता येणार नाहीत. सकाळी पुन्हा त्यालाच हात जोडते. तिची श्रद्धा निर्मळ-बिर्मळ नाही, आपल्यासारखीच आहे. राग येतो, लोभ होतो, नवस बोलते, नवस विसरते. तिला संत बनवू नका. संतांना संडास लागत नाही असा आपला समज असतो. तिला लागतो, आणि रात्री दहानंतर तो बंद असतो.

आणखी एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा. दिवाळीच्या साफसफाईत आपण जुने फोटो काढतो, काच फुटलेली तसबीर, नाक तुटलेली मूर्ती. घरात ठेवायची नाही, कचऱ्यात टाकायची हिंमत नाही. मग गुपचूप पिंपळाखाली ठेवून येतो. ते देव पुढे कुठं जातात? पुलाखाली जाऊन बघा. दोरीनं खांबाला बांधलेल्या पिशवीत, पत्र्याच्या डब्यावर, विटांच्या दोन थरांवर आपण काढून टाकलेली सप्तशृंगी आहे, आपले गणपती आहेत. समोर उदबत्तीची काडी. कोणी भंडाऱ्याची खिचडी दिली तर पहिली चिमूट त्या फुटक्या काचेपुढे ठेवून मग खातात. आपले बेघर झालेले देव त्यांनी घरात घेतले, घर नसताना. आणि आपण म्हणतो त्यांना देव नाही!

आता भंडाऱ्याचं. अन्न देणाऱ्यांचा मी अपमान करत नाही, माझा धंदाच अन्नाचा आहे. पण जी पद्धत पडली आहे ती बघवत नाही. रांगेत बसवायचं, ताट पुढे धरून फोटो, ताट द्यायच्या आधी "बोला जय" म्हणायला लावायचं. मोठ्यानं बोलला नाही तर "अजून जोरात". भुकेल्या माणसाकडून जयजयकार वसूल करणं ह्याला मी भक्ती म्हणत नाही. गुजरातमध्येच वीरपूर आहे ना? जलारामबापांनी १८२० मध्ये सदाव्रत सुरू केलं, ते आजही चालू आहे, आणि २००० सालापासून ते देवस्थान एक रुपया देणगीही घेत नाही. येणाऱ्याला जेवायला घालतात, बस्स. गुरुद्वारात लंगरला बसा, जात-धर्म कोणी विचारत नाही, सगळे एकाच पंगतीत. मग आपल्याच ताटाला जयजयकाराची किंमत कशाला?

आणि आपले संत कोण होते हो? शेगावला गजानन महाराज पहिल्यांदा दिसले, २३ फेब्रुवारी १८७८ ला, तेव्हा ते काय करत होते? उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खात होते. साईबाबा शिर्डीत पडक्या मशिदीत राहिले आणि शेवटपर्यंत दारोदार भिक्षा मागत राहिले. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या आणि हातात फुटकं गाडगं. ह्या तिघांचे फोटो आपल्या प्रत्येक मंडळात आहेत. आज हे तिघे डिंडोलीच्या पुलाखाली येऊन बसले तर आपल्या ग्रुपवर काय मेसेज पडेल ते मी वर लिहिलंच आहे. कायदाही तसाच आहे. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा गुजरातलाही लागू आहे. त्यात भीक मागणं तर गुन्हा आहेच, पण उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरतो किंवा राहतो, एवढ्यावरही माणूस भिकारी ठरतो. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं कोंडून ठेवायची सोय. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती ह्या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. आपण मात्र पालखी घेऊन शिर्डीला पायी जातो आणि वाटेत साईबाबांसारखं जगणारा दिसला की पोलिसाला फोन करतो.

गाडगेबाबांनी ह्यातून काय शिकवलं? पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा बांधल्या. लोक देव बघायला येतात आणि रात्री वाळवंटात, रस्त्यावर झोपतात, हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी पैसा जमवला तो पाठ टेकायच्या जागेसाठी. आपण पैसा जमवतो तो डीजेसाठी.

एक नाजूक विषय आहे, तोही बोलते. दुसऱ्या धर्माचे कोणी त्या पुलाखाली ब्लँकेट वाटायला आले, प्रार्थना करायला आले, की आपल्या ग्रुपला एकदम जाग येते. "धर्मांतर! धर्मांतर!" त्या रात्री चार मोटरसायकली तिथं पोचतात. त्याआधीच्या तीनशे रात्री कुठं होतात? थंडीत माणूस कुडकुडत होता तेव्हा त्याचा धर्म धोक्यात नव्हता? त्यानं कोणाला हात जोडायचे ते त्याचं त्यानं ठरवावं. कोणी फसवत असेल, जबरदस्ती करत असेल तर कायदा आहे. पण आपल्याला त्याच्या आत्म्याची काळजी आहे आणि पाठीची नाही, हे न कळण्याइतका तो खुळा नाही.

रस्त्यावर झोपणं म्हणजे काय, ते १९ जानेवारी २०२१ ला साऱ्या देशानं बघितलं. आपल्याच जिल्ह्यात, कोसंब्याजवळ कीम–मांडवी रस्त्यावर, कडेला झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. १५ माणसं गेली, बहुतेक राजस्थानच्या बांसवाड्याकडची. चार दिवस हळहळ झाली, मग विसरलो.

आता हिशेब. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मोठ्या शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा. सुरतची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांच्या वर होती. म्हणजे तेव्हाच्या आकड्यानंही किमान ४४ निवारे. त्यानंतर शहर किती वाढलं ते आपण बघतोच आहोत. मत मागायला येणाऱ्या आपल्या मराठी नगरसेवकांना विचारा: आपल्या वॉर्डात किती? बायकांसाठी वेगळा किती? कुटुंबाला एकत्र राहता येईल असा किती? "हटवा" म्हणून अर्ज करणाऱ्या मंडळांनी "निवारा द्या" म्हणून एक तरी अर्ज केला आहे का?

ह्यावर काय उत्तरं येणार ते मला माहीत आहे. चोरी होईल. होईलही एखादी. पण ज्याची चादर आणि चपलासुद्धा रात्रीत चोरीला जातात, त्याच्याइतकी चोराची भीती कोणाला असणार? मंडळाचा हॉल विटाळेल. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापी शहरात शिरली तेव्हा अडाजण-रांदेरचे आपले नातलग इकडे आले, आमच्या बाजूच्या हॉलमध्ये माणसं झोपली, तिथंच लहान मुलांचं सगळं झालं. नंतर फिनाइलनं धुतला आणि त्याच हॉलमध्ये त्याच महिन्यात गणपती बसले. देव रुसला नाही. तेव्हा ते पूरग्रस्त होते म्हणून चाललं, आणि ह्यांच्यावर पूर रोज येतो म्हणून चालत नाही?

म्हणून माझ्या चार मागण्या. मंडळांनी ह्यावर बैठक घ्यावी, आणि बैठकीत बायकांना बोलू द्यावं.

पहिली, हॉलचा संडास आणि नळ रात्रभर उघडा. साफसफाईचा खर्च वर्गणीतून. डीजेचा एक तास कमी करा, भागेल.

दुसरी, पावसाळ्याचे चार महिने हॉल रात्री बायका-मुलांसाठी उघडा, एक बाई राखणीला पगारी ठेवून.

तिसरी, निवाऱ्यासाठी महापालिकेला लेखी अर्ज, प्रत्येक मंडळाचा वेगळा, पोच घेऊन. आणि "हटवा"चा अर्ज मागे.

चौथी सगळ्यात स्वस्त. कानबाईच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक मंडळाच्या चार जणांनी पुलाखाली जायचं. ताट नको, फोटो नको, जय नको. खाली बसायचं आणि अहिराणीत विचारायचं, तुमनं गाव कोनतं शे. तालुका विचारायचा, भावाचं नाव विचारायचं, त्याची इच्छा असली तरच गावाकडे फोन लावायचा. आपल्यापैकी प्रत्येकाचा कोणी ना कोणी त्या तालुक्यात आहेच. ज्याला नको असेल त्याला सोडून द्यायचं, त्याच्याही घरची काही कारणं असतात.

काही बायका म्हणतील, रोट भाऊबंदकीबाहेर चालत नाहीत. बरोबर आहे, मलाही ते मोडायचं नाही. मी माझ्या रोटातला तुकडा त्याला द्या म्हणतच नाही. त्याचं कुळ आहे, त्याची मूठ आहे, ती त्याच्या घरी आहे. ती तिथं धरली जाते आहे की बंद झाली, एवढं त्याला कळवायचं आहे. चोपड्याच्या त्या भाऊंचा निरोप पोचवायला मला तीन फोन लागले. त्यांची आई म्हणाली, एकाही वर्षी चुकवली नाही. हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात पुतण्या येऊन घेऊन गेला.

तीन फोन. आपल्या ग्रुपमध्ये किती मेंबर आहेत ते वर लिहिलेलंच असतं, बघा.

ज्यांना राग आला त्यांनी खाली लिहा, मी उत्तर देईन. ज्यांना पटलं त्यांनी नुसता अंगठा देऊ नका, तुमच्या मंडळाचा हॉल रात्री उघडा असतो की बंद, ते लिहा.

कानबाई माय की जय.